जाधवबाई कागद वाचतात

कागद हातात आला की जाधवबाई तो आधी उलटा करून बघत. लग्नपत्रिका असो, लाइटचं बिल असो की सोसायटीची नोटीस. "पुढची बाजू त्यांना दाखवायची असते म्हणून छापलेली असते," त्या म्हणत. बहुतेक वेळा मागे काहीच नसे. मग त्या कागद सुलट करून, चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि आम्ही सहीसाठी दारात ताटकळत.

बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीची मी अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. याद्या करणं हा माझा स्वभाव. टाक्या कधी धुतल्या, कोणाची कुंडी कठड्यावर आहे, सगळं माझ्याकडे लिहिलेलं सापडेल. जाधवबाई पहिल्या मजल्यावर एकट्या राहत. मूळच्या अकोल्याकडच्या, कोर्टात चौतीस वर्षं टायपिस्ट. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाकी सगळीकडे पुस्तकं. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुली ती घेऊन जात आणि बिनधास्त झेरॉक्स काढत.

"जाधवबाई, प्रत काढू नये असं आत छापलंय," मी एकदा एक पुस्तक उघडून म्हटलं.

"वाचलंय मी. लिहिणाऱ्याचं पोट भरलं पाहिजे, मान्य. म्हणून तर विकत घेतलं. पण शैला, हे लेखक मी शाळेत असतानाच वारले. मेल्यावर साठ वर्षं हक्क चालतो. तो आता कोणाला जेवू घालतोय? पुस्तक कुणी छापत नाही, छापू देत नाही. मग पोरींनी काय स्वप्नात वाचायचं?"

सोसायटीच्या वर्धापनदिनाला गच्चीवर अंताक्षरी रंगली होती. गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचे एक गृहस्थ फाइल घेऊन आले. सार्वजनिक ठिकाणी गाणी म्हणायला परवाना लागतो म्हणे. आमचे खजिनदार घाबरून माइक बंद करायला निघाले. जाधवबाईंनी त्या गृहस्थांना खुर्ची दिली.

"तिकीट लावलेलं नाही, गाणारे सगळे घरचे आणि बेसूर. यातली कुठली गाणी तुमच्या मालकीची? यादी दाखवा."

यादी नव्हती. "सगळीच" असं ते म्हणाले.

"मग आमच्या शैलाकडे शिकवणी लावा. ती कुंड्यांचीसुद्धा यादी करते."

गृहस्थांनी चहा घेतला, भजी घेतली. जाताना 'म'वर अडलेल्या टीमला एक गाणंही म्हणून दिलं. परवान्याशिवाय.

पुढे पोलीस चौकीतून मला फोन आला, की घरकामाला येणाऱ्या सगळ्यांची माहिती आणि गेटवरच्या रजिस्टरच्या प्रती दर महिन्याला पाठवा. मी खूश झाले. माझं रजिस्टर म्हणजे झकास काम होतं. सभेत ठराव मांडला, तेव्हा विरोधात एकच हात वर.

"मागितलंय कुणी? कागद कुठाय?"

"फोन आला होता, जाधवबाई."

"फोनला सही असते का?"

तिसऱ्या मजल्यावरचे शेठ हसले. "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?"

"बरोबर. मग शेठ, तुमच्यापासून सुरुवात करू. तुम्ही किती वाजता बाहेर पडता, किती वाजता परत येता, कोण भेटायला येतं. लिही गं शैला."

सगळे हसले, शेठही हसले आणि ठराव मंजूर झाला.

दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, ४०२ मधले देसाई दिवसभर मनोरीला गेले होते. परत आले तर कपाटातली सोन्याची पाटली नाही. घराची एक किल्ली मंगलकडे असायची. ती गोराईहून बोटीने येई आणि आमच्या इमारतीत फक्त देसाईंकडे काम करी. "मंगळवारी मी आलेच नाही ताई, ताप होता," ती सांगत होती. रजिस्टरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: आत दहा, बाहेर साडेबारा. त्या पानाची प्रत मीच चौकीत नेऊन दिली. गुरुवारी आणि शुक्रवारी मंगलला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. शनिवारी पुन्हा बोलावलं.

शनिवारी सकाळी नऊला जाधवबाई गेटवर आल्या आणि त्यांनी रजिस्टर मागितलं. सवयीप्रमाणे आधी मागची पानं उलटली, मग आजचं.

"शैला, घड्याळात किती वाजले?"

"नऊ."

"मंगल या क्षणी चौकीत बसलीये. आणि इथे ती आज दहाला येऊन, काम करून, साडेबाराला गेलीपण."

मी पान बघितलं. दुपारपर्यंत येणाऱ्या सगळ्या बायकांच्या वेळा भरलेल्या, एकाच शाईत. वॉचमन तिवारी पुटपुटला, "मॅडम, सबका टाइम फिक्स है ना. सुबह ही भर देता हूँ. आपको खाली खाना पसंद नहीं."

खरं होतं. रकाने मी आखले होते. एक जरी रिकामा दिसला तरी तिवारीवर ओरडणारीही मीच होते.

"मी लगेच फोन करून सांगते," मी म्हटलं.

"पान कागदावर दिलंस, मागेही कागदावरच घे. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने. आणि दुसऱ्या प्रतीवर पोच."

चौकीत मंगल बाकाच्या टोकाला बसली होती, पदर घट्ट धरून. माझ्याकडे तिने बघितलं नाही. साहेबांनी माझा अर्ज वाचला आणि वैतागले. "मॅडम, तुम्हीच तर आणून दिलं होतंत!"

"हो, मीच दिलं. ते खोटं आहे."

"आणि साहेब," जाधवबाई शांतपणे म्हणाल्या, "हिला बोलावल्याची नोटीस दाखवता? बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची असते. गोराईला बोट आहे, हवाही छान लागते."

"आजी, वकील आहात का?"

"टायपिस्ट. वकिलांच्या चुका टाइप केल्यात."

साहेबांना हसू आलं. त्यांनी अर्जावर शिक्का मारला. मंगल आमच्याबरोबरच बाहेर पडली आणि तिला पुन्हा बोलावणं आलं नाही. पाटली कुठे गेली ते आजही माहीत नाही. तीन दिवस विनाकागद बसवून ठेवल्याबद्दल जाधवबाईंनी वरिष्ठांना अर्ज दिला. उत्तर आलं नाही. त्यांनी तीन स्मरणपत्रं पाठवली.

मंगल देसाईंकडे परत गेली नाही, जाधवबाईंकडे येऊ लागली. चौकीला प्रती पाठवणं मी थांबवलं आणि जाधवबाईंच्या सांगण्यावरून एक नवा नियम केला. ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याला ते वाचून दाखवायचं. पहिल्या रविवारी ऑफिसात बायकांची गर्दी झाली.

"मी पंचावन्नची? ओ ताई, माझ्या सासूचं वय टाकलंत!"

"माझं आडनाव कधी बदललं? नवऱ्याला सांगितलंत का?"

मंगल सगळ्यात शेवटी आली. स्वतःचं पान तिने दोनदा वाचून घेतलं, रजिस्टरमधल्या त्या मंगळवारच्या ओळीवर माझ्याकडून रेघ मारून घेतली, आणि कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा मला "येते ताई" म्हणाली.

त्यानंतर चार महिन्यांनी जाधवबाई गेल्या, झोपेतच. त्या रविवारी मात्र त्या जोरात होत्या. बायका पांगल्यावर माझ्यासमोर येऊन बसल्या. "आता माझं पान काढ."

सभासदांच्या वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे आणि तो मी कोणाला दाखवत नाही. त्यांनी पान आधी उलटून बघितलं, मग सुलट केलं. बोट सरकत सरकत शेऱ्यावर थांबलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'प्रत्येक गोष्टीला हरकत घेतात.'

मी पेन उचललं. "खोडते, जाधवबाई."

"खबरदार," त्या म्हणाल्या. "खोडलंस तर लेखी हरकत घेईन."