अर्धी दाढी

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला सगळे रेडिओ म्हणत. गिऱ्हाइकाच्या मानेभोवती कापड बांधलं की याचं तोंड सुरू. कोणाचं कोणाशी फिसकटलं, कोणाच्या घरात कोण रुसलं, सगळं फुकट ऐकायला मिळे. स्वतःच्या थोरल्याविषयी मात्र एकच वाक्य : "झोपेत हृदय बंद पडलं."

पोरगा झोपेत गेला नव्हता. अंघोळीच्या पाण्यात टाकायचं मीठ म्हणून नवीच एक नशेची पावडर विकतात, ती घेऊन नाचायला गेला, अंगाची भट्टी झाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ आटोपला. बायकोनं बजावलं होतं, "धाकटीचं लग्न व्हायचंय. बाहेर ब्र काढायचा नाही." यानं काढला नाही.

एका दुपारी थोरल्याचा जिवलग दोस्त दाढीला आला. थोरला गेला तेव्हा तो कामासाठी परगावी होता. बाकावर दोन म्हातारे पेपर वाचत होते.

"काय राजे, कोणाला भुलवायला निघालात?"

"नाचायला जायचंय, काका. चकाचक करा."

एक गाल झाला. दुसऱ्यावर वस्तरा टेकवला तर जबडा हलला.

"दात खाऊ नको, कापेल."

"कुठं खातोय?"

पुन्हा हलला. मान धरली तर तव्यासारखी तापलेली. थोरल्याची शेवटची दाढी रेडिओनंच केली होती. तेव्हाही जबडा असाच चालत होता आणि "रवंथ करतोस काय रे?" म्हणून यानं हसण्यावारी नेलं होतं.

त्यानं वस्तरा मिटला. "ते मीठ घेतलंस?"

पोरानं आरशातून म्हाताऱ्यांकडे बघितलं. "थोडंसं. त्यानं काय होतंय? आम्ही दोघं मिळून घ्यायचो."

"थोरला त्यानंच मेला."

दोन्ही पेपर खाली आले.

"तुम्ही तर हृदय म्हणाला होता, काका."

"खोटं बोललो. ऊठ, दवाखान्यात चल."

"अर्धी दाढी राहिलीय."

"राहू दे. तिथं तुला कोण पसंत करायला बसलंय?"

पोराच्या गळ्यात ओला टॉवेल टाकून त्यानं त्याला दंडाला धरून नेलं. दवाखान्यात नर्सनं विचारलं, तर पोरगा म्हणतो, "चक्कर आली."

"पावडर घेतलीय," रेडिओ म्हणाला. "पाकीट काढ खिशातून."

पोराला आत घेतलं. त्याच्या आईला फोन करून, ती येईपर्यंत रेडिओ बाकावर बसून राहिला. डॉक्टरनं "वेळेत आणलंत" म्हटल्यावर उठला. सलून उघडंच होतं, पण तो तिकडे वळला नाही. म्हातारे एव्हाना घरोघरी पोचले असतील. बायकोला त्यांच्या तोंडून कळायच्या आत त्याला घर गाठायचं होतं.