शेवटून वाचणारे काका

माहितीपुस्तिका कशी वाचायची हे पृथ्वीच्या पाठीवर एकाच माणसाला कळतं, ते म्हणजे साताऱ्यात राहणारे माझ्या साडूचे चुलते. काका फौजेत वायरलेसवर होते. तिथे सेटला हात लावण्याआधी एकानं सूचना मोठ्यानं वाचायच्या आणि दुसऱ्यानं म्हणून दाखवायच्या, असा शिरस्ता होता. पेन्शनीत आले तरी तो सुटला नाही. घरात नवा कुकर आला, तेव्हा काकूंनी त्याची पुस्तिका म्हणून दाखवेपर्यंत डाळ भिजत राहिली आणि घर पिठल्यावर जेवलं.

पुढे मुलानं जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं आणि काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. काळ्या पडद्यावर टाइप करायच्या प्रत्येक आज्ञेची पुस्तिका आतच, तीही फुकट! काका ती छापून आणत, दाभणानं शिवत, वर खाकी कव्हर घालत आणि शेवटून वाचत. कारण शेवटी लिहिणाऱ्यानं आपल्या प्रोग्रॅममधले दोष स्वतःच सांगितलेले असत. "आपली चूक आपणच लिवून ठिवतोय, त्यो गडी फसवनार न्हाई," असं त्यांचं मत. कुकरच्या कंपनीवर त्यांचा विश्वास कधी बसलाच नाही.

मी या सगळ्याची यथेच्छ टिंगल केली आहे. मग गेल्या वर्षी कोरेगावहून लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडेच गेलो. आई गेल्यावर तिचा आवाज तेवढा त्यात उरला होता. फोनवरची ती बोलणी नव्या डिस्कवर उतरवायची होती. इंटरनेटवरून उचललेली ओळ मी टाइप केली, एंटर दाबणार, तोच काका म्हणाले, "पाव्हणं, आधी वाचा."

चरफडत त्या आज्ञेची पुस्तिका वाचली. काकांनी म्हणून दाखवलं: पहिली जागा जिथून घ्यायचं ती, दुसरी जिथं ठेवायचं ती, आणि ओळीतला शेवटचा शब्द दुसऱ्या जागेतलं, पहिलीत नसलेलं सगळं पुसून टाकणारा. मी पहिल्या जागी कोरी डिस्क लिहिली होती आणि दुसऱ्या जागी आई. जागा बदलून, पुन्हा वाचून, पुन्हा म्हणून झाल्यावरच एंटर दाबायची परवानगी मिळाली. सगळं उतरलं तेव्हा जीव भांड्यात पडला. खात्रीसाठी एक बोलणं लावलं. "पोचलास का रं? जेवलास का न्हाई?" आई विचारत होती. मी बंद करायला गेलो, तर काकांनी हात धरला. "ऱ्हाऊ द्या. ऐकू शेवटपतूर."

आता मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षरं दिसत नाहीत. रविवारी मी जातो, एखाद्या आज्ञेची पुस्तिका शेवटून वाचतो, ते म्हणून दाखवतात, मगच मी एंटर दाबतो. परवा ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला. मी पान पुरं केलं आणि एंटर न दाबता, ते उठेपर्यंत तसाच बसून राहिलो.