तांबड्याचा रंग

मंडळी, आज दमून घरी आलो आहे आणि तुमची एक मदत हवी आहे.

येडशीजवळ दगडूमामांच्या शेतात मी गेल्या वर्षी एक लघुपट केला, कृष्णधवल. रंग असले की माणूस रंगच बघत बसतो, असं माझं मत. पुढं मन बदलू नये म्हणून कॅमेऱ्यातच रंग बंद केला होता. त्यामुळं रंगीत चित्रण कुठंच नाही.

आज दुपारी मामा-मामींना तो लॅपटॉपवर दाखवला. मामा त्यांच्या बैलजोडीची वाट बघत होते. जोडीतला तांबड्या या उन्हाळ्यात गेला. त्याचा एकही फोटो त्यांच्याकडं नाही.

जोडी पडद्यावर आली. "ह्यो ढवळ्या," मामा म्हणाले. "आन् ह्यो काळा कुणाचा?"

"तांबड्याच आहे, मामा."

"आमचा तांबड्या गुळाच्या ढेपीवानी दिसायचा. शूटिंगला धुऊन आणला हुता की म्या."

"रंग परवडला न्हाय व्हय, सर?" मामी हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, अगदी जवळ जाऊन बघितलं.

"चाल त्याचीच हाय," म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले.

कृष्णधवलच्या बाजूनं मी अजूनही बोलू शकतो. आज बोलवत नाही.

गेल्या पोळ्याला मामांच्या गावच्या मारुतीपुढं जोड्या आल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी मोबाइल काढले होते. पांढऱ्या बैलाशेजारी गुळाच्या रंगाचा, उजवं शिंग जरा वाकलेला बैल कुणाच्या फोटोत आलाय का? कडेला अर्धा असला तरी चालेल. फक्त रंगीत हवा.