आहेराचं उपरणं आणि ड्रिल मशीन

सैल कपडे घालून ड्रिल मशीन चालवू नये, हे मी लातूरच्या एका आयटीआयमध्ये बावीस वर्षं शिकवतोय आणि ते अगदी खरं आहे. मी स्वतः करून बघितलंय.

धोंड्याचा महिना होता. किल्लारीहून सासऱ्यांचा फोन आला, "जेवायला या. आन येताना ती भिंत पाडायची मशीन आणा." (भिंत पाडायची नव्हे, भिंतीला भोक पाडायची. हा फरक मी त्यांना लग्नापासून सांगतोय.) भिंतीवर नवा पंखा लावायचा होता आणि तोही जेवणाआधी, कारण जावई घाम पुसत धोंडे खातोय हे सासूबाईंना बघवलं नसतं.

पोचल्या पोचल्या मला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, गळ्यात लाल काठाचं उपरणं घातलं. ते घसरायला लागलं तशी सासूबाईंनी पुढे पक्की गाठ मारली.

"जेवण होईस्तोवर काढू नका बरं का जावईबापू. आहेर हाय."

"नाही काढत, मामी," मी म्हणालो.

पाटावरून उठलो आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मशीन पिशवीतून काढायच्या आधी मी सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"मामा, धोतराचा सोगा खोचा. मशीन कापड ओढतं."

सासऱ्यांनी सोगा खोचला. माझ्या बायकोने, सुनंदाने, पदर कमरेला खोचला.

"मामी, बांगड्या काढून ठेवा."

"सवाष्णीनं बांगड्या काढायच्या? तेबी धोंड्यात?"

"मग दहा फूट लांब उभ्या राहा."

त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "बघ, शिकलेला माणूस कसा नेमानं काम करतो," सासरे सुनंदाला म्हणाले. घरातला प्रत्येक माणूस आता सुरक्षित होता. एक सोडून. आणि तो हातात मशीन घेऊन स्टुलावर चढला होता.

पहिलं भोक झकास पडलं. फक्त भिंत थरथरली. किल्लारीत भिंत थरथरली की माणसं आधी अंगणात येतात, मग विचारतात. शेजारचे गणपततात्या तसेच अनवाणी आले.

"हादरा बसला का काय?"

"न्हाई हो," सासरे म्हणाले, "जावई पंखा लावायलेत."

तात्यांचा जीव भांड्यात पडला. आलोच हाय तर बघून जावं म्हणून ते आत आले आणि त्यांनी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. कॅमेरा दिसला आणि माझं डोकं फिरलं. बटण सारखं दाबून धरावं लागू नये म्हणून मशीनला बाजूला एक लॉक असतं. ते लावलं की बोट काढलं तरी मशीन फिरत राहतं. हातात धरून भोक पाडताना ते लावायचं नाही, असं मी दर वर्षी पोरांना फळ्यावर लिहून देतो. मी ते लावलं. एक हात कमरेवर ठेवला, तात्यांकडे बघून जरा हसलो आणि दुसऱ्या भोकासाठी वाकलो.

उपरण्याचं टोक कधी लागलं ते मला दिसलंच नाही. फर्रर्र आवाज आला आणि मशीन भिंत सोडून माझ्याकडे निघालं. काठ गेला, गाठ गेली, आणि मशीन माझ्या हनुवटीखाली येऊन अडकलं. आत मोटार घुमत होती, जळका वास येत होता. आता घाबरलो. "बंद करा" म्हणायचं होतं, पण आवळलेल्या गळ्यातून निघालं एवढंच, "बं... बं..."

सासरे मोठे शिवभक्त. त्यांनी हात जोडले. "हर हर महादेव," ते भक्तिभावाने म्हणाले. तात्यांनी एका हाताने शूटिंग चालू ठेवून दुसरा हात कपाळाला लावला.

सुनंदा धावली आणि तिने पिन उपटली. मशीन थांबलं.

"अहो," ती म्हणाली, "भोक भिंतीला पाडायचं होतं."

तिचा आवाज मात्र रडवेला झाला होता. तिने मला हाताला धरून खाली उतरवलं, उपरणं बोटांनी थोडं सैल केलं. श्वास आला, पण मशीन काही सुटेना. गाठच आत गुंडाळली गेली होती.

"उलटं फिरायचं बटण असंल की," तात्यांनी सुचवलं. "एकदा चालू करून बघा."

"खबरदार," सुनंदा म्हणाली. "कात्री आणा."

"आहेराला कात्री?" सासूबाई मध्ये पडल्या. "लावत न्हाईत. अगुदर जेवू द्या, धोंडे गार व्हायलेत."

मग जेवलो. मशीन गळ्यात, वायर ताटाभोवती. सासूबाईंनी मला ओवाळलं तेव्हा मशीनलाही कुंकू लावलं. पुरणाचे तीन धोंडे मी मान न हलवता खाल्ले. चौथा नको म्हणायलाही मान हलेना, त्यामुळे तोही वाढला गेला. तात्यांनी सगळं टिपलं.

हात धुतल्यावर सुनंदा कात्री घेऊन माझ्यामागे उभी राहिली.

"आहेर हाय गं," सासूबाई पुन्हा म्हणाल्या.

"आहेर तुमचा, नवरा माझा," असं म्हणून तिने उपरणं कचकन कापलं. लग्नाला वीस वर्षं झाली, पण इतकं प्रेमाचं वाक्य मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही संध्याकाळच्या एसटीने लातूरला पोचेपर्यंत तात्यांचा व्हिडिओ आमच्या आधी पोचला होता. सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. नोटीस मिळणार या तयारीने गेलो, तर ते म्हणाले, "सर, व्हिडिओतलं एक चित्र मोठं करून घेऊ का? तुमची हरकत नसेल तर."

आपला फोटो संस्थेत लागावा, अशी प्रत्येक मास्तराची इच्छा असते. बहुतेकांचा निवृत्तीनंतर लागतो. माझा नोकरीत असतानाच लागला, वर्कशॉपमध्ये, ड्रिल मशीनच्या बरोबर वर. खाली लाल अक्षरांत लिहिलंय, "असे करू नये."