मास्ट पेशींच्या वकीलबाई

अख्ख्या न्यू जर्सीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींइतकी भांडखोर बाई दुसरी नाही. असलीच तर ती मावशींशी भांडून हरलेली असणार. गंमत म्हणजे मावशी स्वतःसाठी कधी भांडत नाहीत. त्या भांडतात मास्ट पेशींसाठी. या पेशी तुमच्याआमच्या सगळ्यांच्या अंगात असतात. नाकात परागकण शिरला की आपल्याजवळचं हिस्टामिन नावाचं रसायन उधळून आपल्याला शिंकायला लावतात, आणि म्हणून जगभर बदनाम आहेत. वेस्ट विंडसरजवळच्या एका लॅबमध्ये मावशींनी तीस वर्षं या बदनाम मंडळींचाच अभ्यास केला. लोकांच्या फ्रिजवर नातवंडांचे फोटो असतात; मावशींच्या फ्रिजवर मास्ट पेशीचा फोटो आहे, जांभळ्या दाण्यांनी गच्च भरलेला. मी एकदा “जांभूळ छान आलंय” म्हणालो, तर त्या दिवशी चहा मिळाला नाही.

एप्रिलमध्ये इकडे गाड्यांवर परागकणांची पिवळी पूड साचते आणि माणसं शिंकून बेजार होतात. अशाच दिवसांत एका पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, पुण्याचे एक काका शिंकून म्हणाले, “ही ॲलर्जी म्हणजे वैताग आहे यार!” मावशींनी हातातली प्लेट खाली ठेवली. “पहारेकरी ओरडला म्हणून त्याला गोळी घालता का हो तुम्ही?” पुढची पाऊण तासाची उलटतपासणी काकांनी एकही शिंक बाहेर न सोडता सोसली. परतताना मी म्हणालो, “पण मावशी, कॅन्सरच्या गाठीला रक्त पोचवायला याच पेशी मदत करतात म्हणे.”

“काही गाठींत करतात. काहींत गाठीवरच तुटून पडतात. अजून नीट कळलेलं नाही. आणि कळेपर्यंत शिक्षा नाही! एखाद्याला सगळे एका सुरात वाईट म्हणायला लागले, की आधी त्याची बाजू ऐकायची. हे मला लॅबनं नाही, नागपूरच्या आमच्या वस्तीनं शिकवलं.”

मग मावशींच्याच छातीत गाठ निघाली. ओळखीच्या बायका डबे आणि हळदीचे काढे घेऊन आल्या. मावशींनी डबे ठेवून घेतले, काढे परत पाठवले. डॉक्टर तरुण, गोड चेहऱ्याचा. मावशींनी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं, “गाठ माझी आहे, स्लाइड मी बघणार. आणि निळा रंग देऊन मास्ट पेशी मोजा.” तो नम्रपणे म्हणाला, “त्यानं तुमची ट्रीटमेंट बदलणार नाही.” “आज नाही बदलणार,” मावशी म्हणाल्या, आणि अशा काही हसल्या की त्या पोरानं मान खाली घातली.

केमोला ड्राइव्ह करून न्यायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी नर्सनं विचारलं, औषधाची ॲलर्जी उठू नये म्हणून दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या ना? मावशींनी मान डोलावली. औषध सुरू झालं आणि दहा मिनिटांत चेहरा लालबुंद, घसा आवळलेला, श्वास अडकलेला. नर्सनं औषध बंद केलं, माणसं धावली, सुया टोचल्या. मी भिंतीला चिकटून उभा. मावशींना बोलता येऊ लागल्यावर डॉक्टरनं हळूच विचारलं, “गोळ्या?”

मावशी छताकडे बघत म्हणाल्या, “नाही घेतल्या. त्या गोळ्या माझ्या मास्ट पेशींना गप्प करतात. माझ्या गाठीत त्या माझ्या बाजूनं लढत असतील तर? मी त्यांचंच तोंड दाबू?”

तीस वर्षं अभ्यास केलेल्या बाईशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती! डॉक्टर पहिल्यांदाच कडक झाला. “तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं औषध हेच आहे. आणखी एकदा प्रयत्न करू, पूर्ण तयारीनिशी, अगदी सावकाश. पुन्हा असं झालं तर हे बंद.”

“करा,” मावशी म्हणाल्या. “घाबरलेय असं समजू नका.” मग माझ्याकडे वळून, मराठीत, “त्याला सांगू नकोस, पण घाबरलेय.”

पुढच्या आठवड्यात सगळ्या गोळ्या घेऊन, सगळ्या सुया टोचून झाल्या आणि औषध थेंबाथेंबानं सुरू झालं. नर्स खुर्चीशेजारून हलली नाही. मावशींनी माझं मनगट धरलं होतं. दहा मिनिटं गेली. वीस गेली. “बोल की काहीतरी,” त्या म्हणाल्या, “एरवी थांबत नाहीस.” मी मोठ्यानं नळीतले थेंब मोजायला लागलो. मावशींचा चेहरा लाल झाला नाही, श्वास चालू राहिला, आणि दुपारी पिशवी रिकामी झाली. “बघ,” मावशी म्हणाल्या, “पेशी ऐकतात माझं.”

औषध चालू आहे. गाठ लहान होतेय असं डॉक्टर म्हणतो. किती, ते तोही सांगत नाही. पेशी कुणाच्या बाजूनं होत्या, तेही कुणी मोजलं नाही. आता केमोच्या सकाळी मी वर जातो तेव्हा मावशी खिडकीशी गोळ्या तळहातावर घेऊन बसलेल्या असतात. डॉक्टरला, मला, आजाराला, कुणालाही न बधणारी ही बाई पाण्याचा घोट घेऊन गोळ्या गिळते, छातीवर हात ठेवते, आणि मी ऐकत नाहीये असं समजून हळूच म्हणते, “झोपा गं बायांनो. आजच्या दिवस.”