मांसाहारी फुलाचं गाऱ्हाणं

माझ्या भाचीइतकं बळजबरीने ज्ञानदान करणारं माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. ती वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. म्हणजे थोडा वेळ संशोधन करते आणि उरलेला दिवस समोर जो सापडेल त्याला ते समजावून सांगते. विषय एकच. पावसजवळच्या आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या माळावर, जांभ्या कातळातल्या पाणथळ खळग्यात उगवणारं 'सीतेची आसवं' नावाचं निळसर फूल. दिसायला गरीब, पण पाण्याखाली बारीक बारीक पिशव्या लावून किडे गिळतं. एसटीच्या कंडक्टरला तिने हे ऐकवलं तेव्हा बिचारा बेल मारायची विसरला, आणि आम्ही सगळे पुढच्या थांब्यावरून चालत मागे आलो. एका लग्नात ती नवरीच्या आत्याला हेच सांगत बसली. मंगलाष्टकं संपली, हार घालून झाले, तरी दोघींच्या मुठीत अक्षता तशाच. माझ्या बायकोला तर तिने ऐन श्रावणात सांगितलं, "मामी, सध्या गावात उघड मांसाहार करतंय ते हेच एक!" तेव्हापासून बायको ते फूल देवाला वाहत नाही.

"तुला कंटाळा नाही येत गं?" मी एकदा विचारलं.

"मामा, ज्यांच्या सड्यावर उगवतं त्यांनाच ठाऊक नसेल, तर माझ्या शोधाचं काय लोणचं घालायचं?"

गेल्या गणपतीत मात्र तिची कसोटी लागली. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी आणि गावातल्या पोरांनी नेमका तोच खळगा बुजवून क्रिकेटचं मैदान करायचं ठरवलं. हिचं सगळं काम त्या एका खळग्यावर. देवळाच्या मंडपात बैठक बसली, फुलाची चित्रं दाखवायला माझ्या धोतराचा पडदा झाला आणि भाची बोलू लागली. परिसंस्था, अधिवास, जैवविविधता... निम्मा मंडप पेंगला. शेवटी आमचे म्हातारे गावकर, जे सणावाराला सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात, ते म्हणाले, "गो बाय, तू बोलतस ता आमच्या डोक्यात काय शिरत नाय."

तिचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं. पण ती वळली, आमच्याकडे पाठ करून तिने देवापुढे हात जोडले.

"हे देवा म्हाराजा! तुझ्या सड्यावर एक इवलंसं फूल ऱ्हातंय!"

"व्हय म्हाराजा!" मंडप दणाणला. जन्माची सवय, गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्या तोंडून ते निघतंच.

"कातळात खायाला गावत नाय, म्हणून किडं खाऊन जगतंय!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्यावर रोलर फिरवायची कोणाला बुद्धी झाली असंल, तर ती बदलून दे!"

"व्हय म्हाराजा!" यात सर्वांत मोठा आवाज क्रिकेट संघाच्या कप्तानाचा होता. त्याने लगेच जीभ चावली, पण देवासमोर दिलेला होकार फिरवणार कसा? मैदान शाळेमागे सरकलं.

आता भाची पुढच्या संशोधनासाठी परदेशी गेली आहे. एसटी आमच्याच थांब्यावर थांबते, लग्नात अक्षता वेळेवर पडतात. सगळं छान चाललंय, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

यंदा गणपतीत गावकरांनी गाऱ्हाणं घातलं. पोरंबाळं, गुरंढोरं, मुंबईची माणसं, सगळ्यांसाठी मागून झालं. मग ते म्हणाले, "आणि आमच्या बायच्या त्या फुलाला किडं कमी पडू देऊ नको, म्हाराजा!"

मी आधीच तिला फोन लावून हात उंच धरला होता. आम्ही सगळे ओरडलो. मंडप शांत झाल्यावर फोनमधून, तिकडच्या कुठल्याशा खोलीतून, एकटीचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."