वनितानं मला विचारलं होतं

वनिता कुठलीही गोष्ट तीन जणांना विचारल्याशिवाय करत नसे. आमची पहिली भेटही त्यातूनच झाली. जळगाव जामोदच्या बसस्टँडवर मी शाळेच्या गावी जाणाऱ्या एसटीची वाट पाहत उभी होते. एक उंच, सावळी बाई खांद्याला कापडी पिशवी अडकवून माझ्यापाशी आली आणि त्याच गावाचं नाव घेऊन म्हणाली, "मॅडम, तिकडची गाडी इथंच लागते न? कंट्रोलरले इचारलं, तो इथंच म्हने. पानटपरीवाल्याले इचारलं, तोबी इथंच म्हने."

"मग मला कशाला विचारता?"

"तिसऱ्यानं सांगतलं की मन बसते," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी निवांत उभी राहिली.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती नव्यानं बदलून आली होती. माहेर साखरखेर्ड्याकडचं, भाजीपाला पिकवणारं. नवरा जळगाव जामोदलाच एका कृषी केंद्रात कामाला. माझं माहेर मलकापूरचं, सासर जळगावातच. त्यामुळे रोजचं जाणं-येणं आमचं सोबत होऊ लागलं. पहिल्या महिन्यात ती मला 'मॅडम' म्हणायची, मग 'रोहिणीताई', आणि पोळ्याच्या आसपास कधीतरी सरळ 'तू' वर आली. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी होती.

तिच्या या विचारण्याची शाळेत चेष्टा होई. मुख्याध्यापक म्हणत, "वनिता मॅडमला तहान लागली तरी आधी तिघांना विचारतील, पाणी पिऊ का?" तीसुद्धा हसायची. पण दुसरीतली एक मुलगी दुपारनंतर पाटीवर अक्षर काढेनाशी झाली, तेव्हा त्या विचारण्याची किंमत मला कळली. मुख्याध्यापकांचं मत पडलं, पोरगी आळशी आहे. आईनं सांगितलं, हट्टी आहे. वनिता तिसऱ्या माणसाकडे गेली. ते तिसरं माणूस म्हणजे ती मुलगीच. तिच्यापुढे उकिडवी बसून वनितानं विचारलं, "काऊन वं बाई, दुपारी काऊन नाही लिहीत?" मुलगी म्हणाली, "दुपारी फळ्यावर ऊन येते. दिसतच नाही." दुसऱ्या दिवशी फळा समोरच्या भिंतीवर गेला. "सगळे तिच्याबद्दल बोलून राह्यले," वनिता मला म्हणाली, "तिले कोनी इचारलंच नाही."

लग्नाला आठ वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. अकोल्याला, औरंगाबादला उपचार झाले होते. त्याबद्दल ती फार बोलत नसे. त्या पावसाळ्यात तिला दिवस राहिले आणि महिन्याभरानं मलाही. माझं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून मीही जपूनच होते. एसटीत वाहकाच्या मागची सीट आम्हा दोघींसाठी ठरल्यासारखी झाली. खड्डा आला की ती एक हात आपल्या पोटावर आणि दुसरा माझ्यापुढे आडवा धरायची. मी हसले की म्हणायची, "हसू नको. दोघी एकदमच न्यायच्या हायेत पोट्टे शाळेत."

आम्ही दोघी मलकापूरच्या एकाच डॉक्टरीणबाईंकडे जात होतो. दिवाळीच्या आधी त्यांनी आम्हाला फ्लूची लस घ्यायला सांगितलं. तालुक्यात तापाची साथ होती, वर्गात निम्मी मुलं खोकत होती. "गरोदर बाईला हा ताप साधा राहत नाही कधीकधी. छातीत उतरतो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही दिवसभर लहान मुलांत असता. घेऊन टाका."

माझी अडचण वेगळी होती. माझं पहिलं गेलं त्याच्या आठवडाभर आधी मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतं. सासूबाईंच्या मनात ते पक्कं बसलं होतं. यावेळी त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आता एकबी सुई टोचून घ्यायची नाही. माह्या डोळ्यादेखत गेलं ते." त्या वाईट बाई नव्हत्या. तेव्हा माझ्याइतक्याच त्याही रडल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर, ती शंका माझ्याही मनात होती.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मी एकटीच डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले आणि ते इंजेक्शन, ते जाणं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्या सुईचा आणि त्याचा संबंध नव्हता. पहिल्या तीन महिन्यांत कितीतरी गर्भ असे जातात. कुणाची चूक नसते. हे तुला तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं." मी ब्लाउजची बाही वर सारली. मग दंड पुढे केला.

दोन दिवस दंड दुखला. तिसऱ्या दिवशी सासरी आले आणि कुणाला काही बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. आईला म्हटलं, तूही बोलू नकोस.

शाळा उघडली. मधल्या सुट्टीत आम्ही तिघी शिक्षिका डबे उघडून बसलो होतो. तिसऱ्या निर्मला मॅडम. त्या आमच्याच गल्लीत राहत, त्यांच्या सासूबाई आणि माझ्या सासूबाई एका भजनी मंडळात. वनितानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तशीच थांबून मला म्हणाली, "रोहिणी, ते लसीचं काय केलं तुनं? डॉक्टरीनबाई घे म्हनतात. मायले फोन केला, तं माय म्हनते, आठ वर्षानं देवानं दिलं, कायले त्याच्यात सुई खुपसतं? आता तू सांग. तुनं घेतली का?"

निर्मला मॅडमनी मान वर केली. त्यांच्या मनात काही नसेलही. पण मला त्यांच्या तोंडून निघून भजनी मंडळातून आमच्या स्वयंपाकघरात पोचणारी बातमी दिसली.

"नाही," मी म्हटलं. "मी नाही घेतली."

वनिताचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग ठीक हाये," ती म्हणाली आणि जेवायला लागली.

मी त्याच दिवशी तिला खरं सांगणार होते. परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारीच होती. पण मागे गावातल्या बायका होत्या, आणि वनिता बाळंतपणाला साखरखेर्ड्याला कधी जायचं याचा हिशेब लावत होती. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या तिला बरं नव्हतं म्हणून ती आली नाही. मग शाळेची तपासणी लागली. मग मला वाटू लागलं, आता सांगितलं तर ती विचारेल, तेव्हा खोटं का बोललीस? एक 'नाही' जितका जुना होत जातो तितका तो मागे घेणं अवघड होतं, हे मी तेव्हा शिकले. नाताळच्या सुमाराला मी मनाची समजूत घातली होती की साथ ओसरली.

ती ओसरली नव्हती. जानेवारीत वनिताच्या वर्गातली पाच मुलं एकदम आजारी पडली. चौथ्या दिवशी तिला ताप आला. सातवा महिना होता. दोन दिवस तिनं घरीच काढले. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागू लागली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं गाडी करून अकोल्याला नेलं. मीही गरोदर, मला तिकडे कुणी जाऊ देणं शक्यच नव्हतं. मी फोनवर विचारत होते आणि तिचा नवरा प्रत्येक वेळी तेच वाक्य बोलत होता, "ऑक्सिजन लावला, ताई. बोलत नाही ती."

तिला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. ती दोन दिवस जगली. वनिता तेव्हा शुद्धीवर होती, पण तिला उठता येत नव्हतं. तिच्या नवऱ्यानं मोबाइलवर काढलेला फोटोच तेवढा तिनं पाहिला.

महिन्याभरानं ती घरी आली. मी भेटायला गेले तर ती माझ्या पोटाकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहत बोलत होती. त्या दिवशीही मी सांगितलं नाही. तिच्या आईनं मला चहा दिला. मग त्यांनी मला बाहेरच्या ओसरीत धरलं आणि त्या म्हणाल्या, "मीच नाही म्हनलं होतं वं बाई. मीच नाही म्हनलं." मी त्यांचा हात हातात घेऊन उभी राहिले आणि तरीही गप्प राहिले. माझ्या आयुष्यात मी स्वतःला इतकी लहान कधी वाटले नव्हते.

मे महिन्यात मला मुलगी झाली. बारशाला वनिता येणार नाही असं मी धरून चालले होते. ती बारशाला आली नाही खरी, पण आठ दिवसांनी, घरात पाहुणे नसताना आली. बारीक झाली होती. दोन झबली घेऊन आली होती. हात धुऊन तिनं मुलीला घेतलं, सराईतासारखं डोकं कोपराच्या खळगीत ठेवलं, आणि खिडकीपाशी उभी राहिली. सासूबाई पलंगावर टोपडं शिवत बसल्या होत्या.

मी म्हटलं, "वनिता, मी लस घेतली होती. दिवाळीत, मलकापूरला. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

सासूबाईंची सुई थांबली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

वनितानं आधी मुलीला पाळण्यात ठेवलं. दुपटं नीट केलं. मग पलंगाच्या कडेला बसली. "काऊन?" तिनं विचारलं. दुसरीतल्या त्या पोरीला विचारलं होतं तितक्याच हळू.

मी सांगितलं. पहिलं मूल, धनुर्वाताचं इंजेक्शन, निर्मला मॅडम, भजनी मंडळ. बोलताना ते सगळं किती किरकोळ वाटत होतं.

ती म्हणाली, "तुनं नाही म्हटलं न, त्या दिवशी मले लय बरं वाटलं होतं. भेव गेलं होतं माहं." मग पाळण्याकडे पाहत, "अकोल्याच्या डॉक्टरले मी इचारलं होतं. लस घेतली असती तं वाचली असती का पोरगी? तो म्हने, धोका कमी झाला असता, पन नक्की कोनीच सांगू शकत नाही. मी तेच धरून बसली होती, रोहिणी. नक्की कोनी सांगू शकत नाही. आता तुनं हे सांगतलं. आता मी काय धरू?"

मी रडत होते, आणि रडण्याचा हक्कही आपला नाही असं मला वाटत होतं. ती उठली. दारात जाऊन म्हणाली, "सांगतलं ते बरं केलं. माय रोज सोताले मारून राह्यली. तिले सांगतो मी, की तू एकटी नव्हती."

ती गेल्यावर सासूबाई टोपडं शिवत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी देवापुढे दिवा लावला. मला वाटत होतं, आता बोलतील. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "मले सांगतलं असतं तं मी काय मारलं असतं का तुले?" मारलं नसतं हे खरं. पण सांगता आलं नव्हतं हेही खरं.

माझी रजा संपून मी शाळेत गेले तेव्हा वनिता मला पुन्हा 'मॅडम' म्हणू लागली होती. त्यात टोमणा नव्हता. डब्यातलं भरीत ती मला आधीसारखंच वाढायची, माझ्या मुलीची चौकशी करायची. एसटीत मात्र मागच्या सीटवर बसायची. पुढच्या उन्हाळ्यात बदल्यांच्या यादीत तिचं नाव आलं. तिनं स्वतःच माहेरचा सिंदखेडराजा तालुका मागितला होता.

जायच्या दिवशी मी स्टँडवर गेले. तिचा नवरा सामान चढवत होता. मी तिला विचारलं, "माझ्यावर अजून राग आहे का तुझा?"

"राग नाही," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती 'तू' म्हणत होती. "तू भेली होती, मीबी भेली होती. भेल्या मानसावर राग काय धरायचा. पन तुही पोरगी आता उभी राहाले लागली. उद्या चालन, परवा शाळेत येईन. अन् मी रोज तिच्याकडे पाहून मोजत राहीन, की माही असती तं केवढी असती. ते मले जमनार नाही." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, थोडा दाबला, आणि गाडीत चढली.

त्याला पाच वर्षं झाली. तिला पुढे मूल झालं की नाही मला ठाऊक नाही. विचारायला मला धीर झाला नाही.

गेल्या हिवाळ्यात निर्मला मॅडमची सून दिवस गेलेले असताना आमच्याकडे आली होती. डॉक्टरांनी लस सांगितली आहे, घ्यावी की नाही, असं ती चाचरत विचारत होती. मी तोंड उघडायच्या आत आतून सासूबाईंचा आवाज आला, "घे. आमच्या रोहिणीनं घेतली होती. मले न सांगता घेतली होती. तू तुह्या सासूले सांगून घे. काही म्हनली तं माह्याकडे पाठव तिले."

त्या पोरीनं घेतली. उन्हाळ्यात तिला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. हे वनिताला कळवावं असं मला फार वाटलं. फोन हातात घेऊन मी तिचा नंबर काढलाही. मग ठेवून दिला. ते सांगून बरं मला वाटलं असतं, तिला नाही.